कार्यक्रमानंतरचा मांडव

माझी मोठी जाऊ केशरबाई आमच्या कोपरखैरणे गावातली धवलारीण. लग्नाच्या मांडवात धवळे म्हणून देवांना बोलावणं हे तिचं काम, आणि तिच्या मागे बसून तिची ओळ उचलणं हे माझं. ती एका देवाला हाक मारते, ये, मांडवात बस, आणि आम्ही मागच्या बाया तीच ओळ पुन्हा म्हणतो. आमची ओळ पुरी झाली की तो देव बसला. मग ती पुढच्याला हाक मारते. लग्नं बदलली, हॉल आले, वरून फोटो काढणारी यंत्रं आली, पण मांडवाच्या दिवशी सकाळी एवढं अजून होतं.

गेली काही वर्षं तिचे कान जात चालले होते. पहिल्यांदा ते मलाच कळलं, कारण तिच्या सगळ्यात जवळ मीच बसते. आमची ओळ संपायच्या आत तिचा पुढचा देव यायला लागला. मी बायांना डोळ्यांनी घाई करायचे, ओळ आवरती घ्यायचे, आणि कसंतरी निभावून न्यायचे. घरी ती टीव्हीचा आवाज बंद ठेवूनच मालिका बघायची. विचारलं तर म्हणायची, आवाजानं डोकं दुखतं.

शेवटी मी तिला वाशीला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्र लावा आणि लवकर लावा. कान ऐकायचा थांबला की ऐकलेलं ओळखायचंही विसरत जातो, मग उशिरा यंत्र लावून नुसता गोंगाट पदरात पडतो. केशरबाईने ते कानामागे लावायचं यंत्र हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत टेबलावर ठेवलं. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "ह्यो लावून मांडवात बसायचं? नवरी सोडून सगली माज्याकडंच बगतील."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

तिचा मुलगा कुंदन आमच्याच बिल्डिंगच्या खाली मोबाइलचं दुकान चालवतो. आहेत ते फोन तो कमी विकतो, अजून न आलेल्या फोनांबद्दल जास्त बोलतो. त्याचं एक चॅनल आहे. कुठली कंपनी काय काढणार, कधी काढणार, ते तो आधीच सांगतो, आणि ऐकणारी माणसंही पुष्कळ आहेत. आईच्या कानाचं कळल्यावर तो वर आला आणि म्हणाला, यंत्रबिंत्र काही घ्यायचं नाही. ज्या कंपनीच्या कार्यक्रमाची सगळे वाट बघतायत, तिची कानात घालायची नवी वस्तू येतेय. पोरं गाणी ऐकायला घालतात तशीच दिसणार, पण ती कान स्वतः तपासणार आणि समोरच्या माणसाचं बोलणं मोठं करून ऐकवणार. बघणाऱ्याला वाटेल म्हातारी गाणं ऐकतेय.

"थोडी कळ काढ, आई," तो म्हणाला. "टेन्शन नको घेऊस. आतली बातमी आहे."

तेव्हापासून आमच्या घराने वाट बघायला सुरुवात केली.

रोज संध्याकाळी दुकानात बैठक बसायची. वामनभाऊ, म्हणजे तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे शेजारी, खुर्ची पुढे ओढून बसायचे. कुंदन मोठ्या पडद्यावर एक धूसर फोटो लावायचा. कोणाच्या तरी तळहातावर काळी, शेंगदाण्याएवढी वस्तू. तळहात कोणाचा, कुठल्या देशातला, हे कोणाला ठाऊक नाही. फोटो मोठा करून कुंदन एका भोकावर बोट ठेवायचा, हा माइक आहे. वामनभाऊ म्हणायचे, माइक नाही, हवा जायची जागा आहे. त्यावर अर्धा तास. मग रंग कुठला असेल यावर अर्धा तास.

एकदा बातमी आली की बंदराजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामात माल येऊन पडलाय. हितेश म्हणून कुंदनचा मित्र आहे, त्याचा मेव्हणा ट्रेलर चालवतो, त्याने सीलबंद खोके स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. कुंदनने त्यावर व्हिडिओ केला. आठवड्याने कळलं, खोक्यांत मिक्सर होते. पण तोपर्यंत दुसरी बातमी आली होती, म्हणून कोणाला वाईट वाटलं नाही.

मी चहा घेऊन खाली जायचे आणि ऐकत उभी राहायचे. यातली बरीचशी माणसं तरुण होती तेव्हा रस्ता कोणाच्या शेतावरून जाणार यावर अशीच बसायची. नकाशा कोणी पाहिला नव्हता, पण नकाशा पाहिलेला माणूस प्रत्येकाच्या ओळखीचा होता. आता शेतं नाहीत. पण बसायची रीत तीच राहिली आहे.

केशरबाई कधीकधी माझ्याबरोबर खाली यायची आणि दारातल्या स्टुलावर बसायची. तिला काही ऐकू यायचं नाही. ती मुलाचं तोंड बघायची. तो बोलताना खुलतो, हात नाचवतो, आणि बाकीचे माना डोलावतात, हे बघून तिचं समाधान व्हायचं.

मधे कंपनीने कार्यक्रम पुढे ढकलला. दिवाळीआधी होणार होता, तो दिवाळीनंतर गेला. कुंदन म्हणाला, ही चांगली खूण आहे. कानाचं काम किचकट असतं, तेच पक्कं करत असणार.

त्याच सुमारास माझ्या नातीचं, उन्नतीचं, लग्न ठरलं. मुलगा सानपाड्याचा. भटजींनी दोन मुहूर्त काढून दिले, एक तुळशीच्या लग्नानंतर लगेचचा, दुसरा त्यापुढचा. पहिला कंपनीच्या कार्यक्रमाच्या आधी पडत होता. कुंदनने पुढचा घ्यायला सांगितलं, म्हणजे वस्तू हातात येईल आणि आई तयार होईल. माझ्या मुलाला ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू. सानपाड्याच्या मंडळींना आम्ही सांगितलं की हॉल मिळत नाही.

मग विडा द्यायचा दिवस आला. धवलारणीला पान-सुपारीचा विडा देऊन बोलावतात. तिने तो उचलला की त्या लग्नासाठी दुसऱ्या कोणाला बोलावता येत नाही. माझा मुलगा ताट घेऊन तिच्यापुढे बसायच्या आधी मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. तोंड नीट दिसेल अशी उभी राहिले आणि सावकाश म्हणाले, "बाय, तोवर ते यंत्र घेऊ. वस्तू येल तवा येल."

तिला कळलं. ती म्हणाली, "कुंदन सांगतो ना. त्याला म्हाईत हाय."

आणि बाहेर जाऊन तिने विडा उचलला.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी कुंदनने दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि खुर्च्या मांडल्या. केशरबाईला पुढे बसवलं. तिने लग्नाला जावं तशी साडी नेसली होती. पडद्यावर एक माणूस आला आणि इंग्रजीत बोलायला लागला. आधी फोन दाखवले, मग घड्याळ. सगळ्यात शेवटी कानातली वस्तू आली. कुंदन खुर्चीत पुढे सरकून बसला. वस्तू वाळूच्या रंगाची होती. ती परदेशी भाषा उलगडून सांगणार होती. पळताना हृदयाचे ठोके मोजणार होती. पडद्यावर एक तरुण मुलगी ती घालून डोंगर चढली. मग टाळ्या झाल्या आणि संपलं.

ऐकू न येणाऱ्यांबद्दल एक शब्द नाही.

वामनभाऊंनी रंग बरोबर सांगितला होता, ते त्यावरच बोलत राहिले. केशरबाई पडद्याकडे बघतच नव्हती, आमच्या चेहऱ्यांकडे बघत होती. तिने माझ्याकडे बघितलं तेव्हा मी नाही म्हणून मान हलवली. ती सगळे उठेपर्यंत तशीच बसून राहिली.

कुंदन म्हणाला, वस्तूत ते कानाचं आहे, फक्त कंपनीने अजून चालू केलेलं नाही. जेवताना म्हणाला, दुसरी एक कंपनी काढतेय. दुसऱ्या दिवशी त्याने व्हिडिओ केला, कंपनीने हे मागे का ठेवलं. तो आईला फसवत नव्हता. फसवत असता तर मला त्याला दोन शब्द सुनावता आले असते. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास होता.

आम्ही घाईघाईने वाशीहून यंत्र आणलं. ते लावल्यावर पंखा, कुकर, साडीची घडी, सगळं एकदम तिच्या कानावर आदळायला लागलं. माणसाचं बोलणं तेवढं त्यातून निवडता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज लावा, सवयीला काही महिने लागतील. लग्न तोंडावर आलं होतं. मांडवाच्या सकाळी ताशा वाजला तशी तिने यंत्र काढलं आणि बटव्यात टाकलं.

मांडवात उंबराची फांदी रोवली होती. उन्नती पाटावर बसली होती, तोंडाला हळद. तिच्यासमोर केशरबाई, आणि केशरबाईच्या पाठीमागे आम्ही. पहिली गावदेवी. ती बसली. एकवीरा बसली. खंडोबापर्यंत केशरबाई सवयीने थांबत गेली. पुढे मात्र तिचा अंदाज सुटला. आमची ओळ अर्धी असताना तिने पुढच्या देवाला हाक मारली, आणि आम्ही ती पकडेपर्यंत त्याच्या पुढच्याला. बाया धापा टाकायला लागल्या. मागून कोणीतरी माझ्या बरगडीला कोपर लावलं. देव मांडवाच्या दाराशी येऊन उभे होते आणि त्यांना बसा म्हणणारं कोणी नव्हतं.

धवळे चालू असताना धवलारणीला कोणी शिवत नाही. शिवलं, तर त्या क्षणी तिचं संपलं, आणि जिने शिवलं तिने पुढचं म्हणायचं, त्या दिवसाचं आणि त्यानंतरचंही. आमच्या सासूचा दम तुटला तेव्हा केशरबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. ते तसंच पुढे येतं.

मला पुढे बसायचं नव्हतं. उभा जन्म मी मागे बसले. मागे बसण्यात आराम असतो, कोणीतरी आपल्या आधी म्हणून गेलेलं असतं. आता या वयात मला ते ओझं नको होतं, आणि तिच्याकडून काढून घेणं तर मुळीच नको होतं. गप्प बसले असते तर कोणाला कळलं असतं? उन्नती हळदीच्या हातांकडे बघत होती. फोटोवाला मुलगा छताला लावलेल्या फुलांचे फोटो काढत होता. पण मांडव माझ्या नातीचा होता, आणि केशरबाई त्याला भरलेला समजून उठणार होती.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

ती एका नावाच्या मध्येच थांबली. वळून बघितलं नाही. चटईवर बाजूला सरकली आणि माझ्यापुरती जागा केली. मी पुढे झाले आणि जो देव पहिला दाराशी उभा राहिला होता त्याच्यापासून सुरुवात केली. आवाज फाटत होता. मागून बायांनी ओळ उचलली. केशरबाई शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघत होती.

जेवणं झाल्यावर ती मागच्या अंगणात एकटीच बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन टेकले. तीच म्हणाली, "बापदेवाला इसरलीस."

मी मनात सगळी नावं फिरवून बघितली. खरंच राहिला होता.

"तुला कसं कललं?"

"तुजं तोंड दिसत व्हतं. तो आला नाय त्यात." मग पदराने हळद पुसत म्हणाली, "त्याला आनायला पायजे. पोरीचं लगीन हाय."

बापदेव खाडीच्या बाजूला आहे, शेवटच्या बिल्डिंगच्या पलीकडे. आम्ही दोघी निघालो. गेटवर कुंदन भेटला. सकाळी काय झालं ते त्याला कोणीतरी सांगितलं असावं, कारण तो आईच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. मला म्हणाला, काकी, फेब्रुवारीत नक्की येतंय, या वेळी पक्की बातमी आहे. मी बरं म्हणाले.

पुढे गेल्यावर केशरबाईने विचारलं, काय म्हणत होता. मी थांबून तिच्याकडे तोंड केलं आणि सांगितलं, फेब्रुवारी.

"तो दर साली असतो," ती म्हणाली.

रस्ता खोदलेला होता. कडेकडेने, एकमेकींचा हात धरून, सावकाश चाललो. बापदेवापुढे कोणीतरी सुकलेला हार सोडून गेलं होतं, तो मी बाजूला केला. दगडाला हळद लावली. माझ्या मागे ओळ उचलायला बाया नव्हत्या, एक केशरबाई होती. ती मागे उभी राहिली नाही. माझ्या बाजूला, माझं तोंड दिसेल अशी उभी राहिली.

मी बापदेवाला हाक मारली. माझी ओळ संपायच्या आत तिने उचलली, तिच्या जुन्या चालीत, संथ. मी माझी ओळ तिथेच सोडली आणि तिचं पुरं होईपर्यंत गप्प उभी राहिले.