करवंटीचा काळा खडा

मी एक जुना काळा खडा आहे, मित्रांनो, आणि पाणी स्वच्छ करतो. हसू नका. मूळचा मी वज्रेश्वरीच्या देवळात फुटलेल्या नारळाची करवंटी. भट्टीत मला कोंडून भाजलं, माझा कोळसा केला, मग तापलेल्या वाफेने माझ्या अंगभर बारीक छिद्रं पाडली आणि मला भावंडांसोबत अंजूर गावाच्या गाळणीच्या टाकीत ओतलं. तळ्याचं पाणी आमच्यातून गाळून घरोघरी नळाला जातं.

कोळशाची पोती पाहून गावाने आमची भरपूर चेष्टा केली. आता नळाला शाई येणार, असं लोक म्हणत. पण गाळ अडवायला वाळू आहेच. माझं काम न दिसणाऱ्या गोष्टींचं. पाण्यात उतरलेले औषधांचे अंश उकळूनही सहसा जात नाहीत, ते मी माझ्या छिद्रांत धरून ठेवतो. याचा मला अभिमान आहे, लपवू कशाला?

मात्र छिद्रं भरली की माझं काही चालत नाही. यंदा तसंच झालं. टाकी सांभाळणाऱ्या मनालीने ते वेळीच ओळखलं आणि नवा कोळसा मागवला. तो यायच्या आतच गावातले केसरीनाथ आजोबा वारले. त्यांच्या पत्नी पुतळाबाई उरलेल्या गोळ्यांचा डबा घेऊन तळ्यावर आल्या. निर्माल्य पाण्यात सोडतात, तसंच गेलेल्या माणसाचं औषधही सोडायचं, अशी त्यांची समजूत. टाकीत मी घाबरून गेलो. त्या गोळ्या विरघळल्या असत्या, तर आता मला अडवता आल्या नसत्या.

त्यांना पाहून मनाली धावत गेली.

"यांची वस्तू कचऱ्यात टाकाला माजा जीव न्हाय व्हत," पुतळाबाई म्हणाल्या.

मनाली रागावली नाही. त्यांच्याशेजारी पायरीवर बसून तिने माझी अवस्था समजावली. मग हळूच विचारलं, "आजोबांचं औषध गावच्या पोरांना पाजशील का, आजी?"

पुतळाबाईंनी डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि पाण्यात फक्त एक फूल सोडलं. किती मोठ्या मनाची बाई!

आज नवा कोळसा आला. मी पोत्यात भरून टेम्पोतून भट्टीकडे निघालोय. तिथे पोटातलं सगळं जळेल आणि मी पुन्हा कामाला येईन. तोवर मित्रांनो, उरलेलं औषध पाण्यात सोडू नका, टाकीतल्या माझ्या नव्या भावंडांचं पोटही एवढंसंच आहे. केसरीनाथ आजोबांचा डबाही याच टेम्पोत आहे. वाटेत तो भिवंडीच्या दवाखान्यात द्यायचाय, तिथून असली औषधं नीट जाळायला पाठवतात. निघताना पुतळाबाईंनी डब्याला हात जोडले, आणि मग माझ्या काळ्या पोत्यालाही.