पेजेचा डबा

देगू शहरातल्या दॉकसूच्या डोळ्यांपुढून ती पेज काही केल्या हटेना.

हृदयविकाराचा झटका येऊन गेला, स्टेंट बसला, आणि बरा झाल्यावर तो आपल्या डोंगर चढणाऱ्या मंडळाच्या जेवणाला गेला. सगळ्यांपुढे निखाऱ्यांवर डुकराचं मांस चरचरत होतं. त्याच्यापुढे मात्र, न विचारताच, तांदळाची पेज! मंडळाचा प्रमुख जोंगते म्हणजे शाळेपासूनचा मित्र. तोच सगळ्यांदेखत म्हणाला, "दॉकसू, आता घरी आराम कर बाबा. वर गचकलास तर आमच्या गळ्यात नको!" सगळे हसले. मंडळाने दिलेलं दॉकसूचं लाल जाकीट त्याच दिवशी दुसऱ्याच्या अंगावर गेलं.

तेव्हापासून दॉकसू सोफ्यावर बसून दात-ओठ खात होता. वसंतात मंडळ फालगोंग डोंगरावर डोंगरदेवाची पूजा करतं. तिथे, सगळ्यांसमोर, जोंगतेपुढे पेजेचा डबा आदळायचा!

"आदळा की," बायको मालसुन म्हणाली. "पण त्यासाठी वर चढावं लागेल ना? डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगतायत चाला, आणि तुम्ही इथे रुसून बसलाय. अहो, हृदय आजारी पडलं म्हणून माणूस मोडीत निघत नाही. तुम्ही स्वतःच स्वतःला मोडीत काढलंय. जोंगतेभावजींनी फक्त हसून दाखवलं!"

हे त्याला झोंबलं. दुसऱ्याच दिवशी तो इस्पितळाच्या व्यायामवर्गात हजर झाला. चालताना बोलता येईल इतकाच वेग ठेवा, असं तिथल्या बाई सांगत. दॉकसू चालता चालता जोंगतेला शिव्या घाली. शिवी मध्येच तुटली, की वेग कमी करी. हळूहळू शिव्या लांबत गेल्या. झोप लागू लागली, जेवणाला चव आली.

पूजेच्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीने तो पिशवीत डबा घेऊन एकटाच निघाला. चढाच्या अर्ध्यावर, एका खडकाआड, बाकीच्यांना पुढे पाठवून, जोंगते एकटाच बसला होता. चेहरा पांढराफटक, अंग घामाने भिजलेलं, हात छातीवर.

"कुणाला सांगू नकोस," तो कसाबसा म्हणाला. "महिनाभर दुखतंय रे. कळलं तर मलाही काढतील."

दॉकसूच्या मनात सुडाची उकळी फुटली. आता बोल! आता हस! पण 'मलाही' हा शब्द त्याच्या काळजात रुतला. ज्या हशाने त्याला घरी बसवलं, त्याच हशाच्या भीतीने हा दुखणं लपवून मरायला निघाला होता!

"गप्प बस, गाढवा! हलू नकोस," असं खेकसत त्याने रुग्णवाहिकेला फोन लावला, आणि मदत येईपर्यंत जोंगतेला टेकवून धरलं.

जोंगते वाचला. इस्पितळात भेटायला गेलेल्या दॉकसूला त्याने विचारलं, "त्या दिवशी पिशवीत काय होतं?"

"पेज. तुझ्या तोंडावर फेकायला."

"मग फेकली का नाहीस?"

"आधी बरा हो. मग बघतो."

जोंगते हसता हसता रडला. बरा झाल्यावर त्याने लाल जाकीट स्वतः दॉकसूच्या घरी आणून दिलं. आता मंडळात सर्वांत हळू चालणारा पुढे असतो आणि बाकीचे त्याच्या मागे चालतात.

मंडळी, आजारी माणसाची काळजी जरूर घ्या, पण त्याची जागा काढून घेऊ नका. आणि त्याच्यापुढे पेज ठेवण्याआधी, काय खाणार, एवढं तरी त्याला विचारा!