आराशीतले चमकणारे मासे

यंदा उन्मेषने, माझ्या मुलाने, गणपतीच्या दोन्ही बाजूंना काचेच्या टाक्या मांडल्या. आत हिरवे, तांबडे मासे. निळा दिवा लावला की ठिणग्यांसारखे चमकायचे. सुनेचा भाऊ उल्हास याने ते सीमेपलीकडच्या जोहोरहून, इथल्या तपासणीतून गाडीच्या डिकीत लपवून आणले होते. सून निहारिका हिने फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. आरास स्पर्धेत पहिला नंबर आला.

दुसऱ्या दिवशी आरतीला मंडळातली अश्लेषा आली. ती युनिव्हर्सिटीत संशोधन करते. टाकीत वाकून पाहिलं आणि हातातला प्रसाद तिने तसाच खाली ठेवला.

"यांच्यात दुसऱ्या प्राण्याचे जीन्स घातलेत. परवानगीशिवाय इथे आणता येत नाहीत, पाळताही येत नाहीत. स्वतः सरकारला कळवा."

"बक्षीस आम्हाला मिळालं, ते खुपतंय ना तुला?" निहारिका म्हणाली.

"मी स्पर्धेत नव्हतेच. उद्या संध्याकाळपर्यंत थांबते. नाहीतर मी कळवेन."

ती गेली. दार लागलं आणि सगळे माझ्याकडे वळले.

"आई, तुम्ही आणले म्हणा," निहारिका म्हणाली. "तुम्ही इथे पाहुण्या, व्हिजिट पासवर. फार तर मायदेशी परत पाठवतील. आमचे नोकरीचे पास गेले तर?"

"परत कुठे?" मी विचारलं. माझं कराडचं घर उन्मेषनेच मागल्या वर्षी विकायला लावलं होतं.

"वृद्धाश्रम आहेत की चांगले," उल्हास मोदक खाता खाता म्हणाला.

"आणणारे हात तुझे, आणि तोंड माझं होय रे?"

"माझ्या भावाला बोलायचं काम नाही!"

मी उन्मेषकडे पाहिलं. "तू म्हण. तुझ्या तोंडून ऐकू दे."

तो टाकीतली नळी सारखी करत होता. मासे त्याच्या बोटांशी घोटाळत होते.

"आई, दुसरा मार्ग नाही. तुझं वय पाहून सोडतील."

सकाळी त्याने स्पीकरवर सरकारी ऑफिसला फोन लावला. इंग्रजीत बरंच बोलला. 'मदर' एवढं मला कळलं. पलीकडे हिंदी येणारी बाई फोनवर आली.

"आंटीजी, मछलियाँ आप लाईं?"

निहारिकाने माझं मनगट आवळलं. उन्मेषने हात जोडले.

"नहीं," मी म्हणाले. "लानेवाला यहीं बैठा है. नाम उल्हास. घर मेरे बेटे का है."

उल्हासने फोनवर झडप घातली. तोवर त्या बाईने आडनाव विचारलं होतं. मी तेही सांगितलं.