फोटो काढणारीची टोपी

आमच्या डॅन्यूबकाठच्या गावात लेखक कालिस्त्रात बोझकोव्हचं नाव शाळेला आहे, पुलाला आहे आणि एका भिकार बिस्किटालाही आहे. त्याचं जगप्रवासाचं पुस्तक सातवीला लावलंय, त्यामुळे वर्ग घेऊन मला त्याच्या घरी जावंच लागतं. आता तिथे संग्रहालय आहे. भिंतभर जुना नकाशा, त्यावर प्रवासाची लाल रेघ आणि खाली फोटो: इस्तंबूल, कैरो, एडन, कोलंबो. प्रत्येक फोटोत हा गडी छाती काढून उभा. पिरॅमिडपुढे तर असा, की ते याच्याच पैशाने बांधलेत.

संग्रहालयाचा प्रमुख ओग्नियान त्सेकोव्ह म्हणजे या देवाचा पुजारी. ओठाला बनित्साचा, म्हणजे चीजच्या खारीचा, चुरा तसाच ठेवून तो मुलांना सांगत होता, "बरोबर कोणी नाही, हं! एकटा जीव!"

माझ्या वर्गातली बिल्याना एडनच्या फोटोला नाक लावून उभी होती. "साहेब, मग फोटो कोणी काढला?"

"असेल कोणी वाटेवरचा."

"पण खाली सावली पडलीय बघा. मोठी टोपी, तिला पीस. कैरोतही तीच टोपी!"

"तू नकाशा बघ, मुली."

मला राहवलं नाही. "त्सेकोव्ह, त्याला बायको होती ना? एव्हलांपिया?"

"ती बिचारी नाजूक. घरीच असायची."

नाजूक! ही बाई पुढे आयुष्यभर नदीकाठच्या गल्लीत स्टुडिओ चालवत होती. लाकडी कॅमेरा स्वतःच्या खांद्यावर टाकून ती माझ्या आईच्या लग्नाला आली होती. तेव्हा तिने आईला सांगितलेलं मी मुलांना तिथेच सांगून टाकलं. कोलंबोला नवरा तिला म्हणाला, "पुस्तकात तुला जागा नाही." ती म्हणाली, "मग माझ्या कॅमेऱ्यात तुला नाही." आणि परतीची बोट धरून ती घरी आली.

"म्हणून कोलंबोनंतर एकही फोटो नाही!" बिल्याना ओरडली.

खरंच नव्हता. लाल रेघ मात्र ऐटीत जपानला जाऊन अमेरिकेत पोचली होती. त्याच्या जपानच्या प्रकरणात घोडे केळी खातात, तेव्हा तो तिथे कितपत गेला असेल ते तुम्हीच ठरवा.

त्सेकोव्हचे कान लाल झाले. "बाई, तुम्ही पोरांची डोकी बिघडवताय."

"डोकी आहेत, एवढं मान्य केलंत, आभारी आहे."

पुढच्याच आठवड्यात त्या शूराने सगळ्या फोटोंना नव्या चौकटी बसवल्या. खालचा भाग झाकला, सावली गेली. मला राग आला नाही, नुसती शिसारी आली. पुस्तकाच्या जुन्या आवृत्तीत फोटो अख्खे आहेत. तेच मी वर्गात लावले, शेजारी नकाशा टांगला. मुलांनी आपणहून कोलंबोपासून घरापर्यंत हिरवी रेघ ओढली.

त्सेकोव्हने तक्रार केली. मुख्याध्यापिका आल्या, हिरव्या रेघेवरून बोट फिरवत हळूच म्हणाल्या, "पण परीक्षेत मुलांनी लिहायचं काय?"

"पुस्तकातलं लिहू देत. बोर्डाला तेवढंच झेपतं."

बिल्यानाने सहामाहीच्या पेपरात लिहिलं, 'बोझकोव्ह बायकोबरोबर कोलंबोपर्यंत गेला. पुढचं त्याचं तो सांगतो.' मी पूर्ण मार्क दिले.