दार लिहायचं राहिलं

सोमवारी सकाळी उत्पला रेगेच्या घराची बाल्कनी नाहीशी झाली. मंगळवारी स्वयंपाकघर गेलं. उत्पला माती परीक्षण केंद्रात नोकरीला होती. काहीही विसरू नये म्हणून फोनवर टिपून स्वतःलाच मेल करायचा आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर तो उघडायचा, अशी तिची वर्षानुवर्षांची सवय. पाठवलेल्याची एक प्रत फोनमध्ये राहायचीच. खोल्या जाता जाता तिनं त्याही तशाच टिपून घेतल्या. ऑफिसात मेल उघडला तर आत बाल्कनी जशीच्या तशी होती, तिच्यातले टॉवेल अजून ओले होते. त्यामुळे ती फारशी घाबरली नाही.

बुधवारी मात्र एकटी अप्पांची खोली उरली. तिचे वडील कॉटवर बसून दाढी करत होते आणि समोरची भिंत त्यांच्याकडे सरकत होती.

"अप्पा, बाहेर या."

"अर्धी दाढी घेऊन?"

"भिंत येतेय."

"दिसतेय मला. एवढी बाजू होऊ दे."

चौऱ्याहत्तर वर्षांत अप्पांनी कुणाचं ऐकलं नव्हतं. उत्पलानं उंबऱ्यात उभ्या उभ्याच भराभर लिहिलं: कॉट, कपाट, खिडकी, आरसा, अप्पा. भिंत त्यांच्या गुडघ्यांना टेकली तेव्हा तिनं मेल पाठवला. पुढच्या क्षणी ती जिन्यात उभी होती आणि समोर नुसता गिलावा होता.

ऑफिसात पोचताच तिनं कॉम्प्युटर सुरू केला. मेल आला होता. ठळक अक्षरांत, न वाचलेला. तिनं तो उघडला. साबणाचा वास आला. अप्पा टॉवेलनं गाल पुसत होते.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले. "खोली चांगली ऐसपैस झालीय. पण दार कुठाय?"

दार लिहायचं राहूनच गेलं होतं. उत्पला मटकन खुर्चीत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग फोन काढून तिनं एकच शब्द लिहिला आणि पाठवला.

कॉम्प्युटरवर दार आलं. कडी वाजली, दार उघडलं आणि अप्पा सावकाश टेबलावर उतरले. तिनं त्यांचा हात घट्ट धरला. हात ऊबदार होता, बोटांना अजून फेस होता. सकाळपासून पहिल्यांदाच तिला पुरता श्वास घेता आला.

"चल, चहा पाज," अप्पा म्हणाले.

तिच्या दुसऱ्या हातातल्या फोनवर टकटक झाली.

"उत्पला," आतून अप्पा म्हणाले, "हे दार बाहेरून लागलंय का गं?"