पुढची जागा

वाळवंट माणसाला खरं बोलायला शिकवतं, असं मोठ्या अधिकारवाणीने सांगितलं जातं. सांगणारे बहुधा समुद्रकाठच्या राजधानीत राहतात. अतार हे शेवटचं मोठं गाव सोडून वादानच्या वाटेला लागलं, की कुणालाही "कसं काय?" विचारा, "काही वाईट नाही" एवढंच उत्तर येतं. मग घर वाळूखाली गेलेलं असो, उंटीण मेलेली असो, नाहीतर घरातलं माणूस. वाईट बातमी वाटसरूला वाटेत सांगायची नाही. त्याने घरी पोचावं, चहाचे तीन पेले घ्यावेत, मग सांगावी. रीत माणुसकीची आहे. फक्त ज्याच्यावर ती पाळली जाते, त्याचे हाल कुत्रा खात नाही.

येस्लेम वादानचाच, म्हणून त्याला हे ठाऊक होतं. कागदोपत्री तो मास्तर होता, पण गेली वीस वर्षं राजधानीत मास्तरांच्या बदल्यांच्या कचेरीत बसून होता आणि सावलीला सरावला होता. वादानची शाळा ही बदल्यांच्या यादीतली सगळ्यात खालची ओळ. तिथले मुख्याध्यापक मुलूद सहा वर्षं "मला इथून हलवा" असे अर्ज पाठवत होते आणि येस्लेम ते खालच्या खणात तारखेप्रमाणे लावून ठेवत होता. हयगय अशी त्याने कधी केली नाही.

सोमवारी संध्याकाळी रेडिओवरच्या घरगुती निरोपांत त्याच्या नावाचा निरोप आला. वादानच्या लिमामचा मुलगा येस्लेम याने मिळेल त्या गाडीने घरी यावं. त्या वेळी वादानला फोन नव्हता. म्हातारा ऐंशीचा, घरात एकटा, आणि आजवर त्याने मुलाला कधी हाक मारली नव्हती. येस्लेमने आठवड्याची रजा टाकली आणि अतार गाठलं. तिथे वादानला जाणाऱ्या ह्मेय्यद ड्रायव्हरची पिकअप भरेपर्यंत तीन दिवस गेले. मयताच्या बातम्याही रेडिओवरच वाचतात, म्हणून त्या तीन दिवसांत जिथे रेडिओचा आवाज येईल तिथून तो उठून जायचा.

शुक्रवारी सकाळी गाडी भरली. ह्मेय्यदने पुढे बसलेल्या दोन जाड्या व्यापाऱ्यांना मागे पोत्यांवर पाठवलं, सीट आपल्या पागोट्याच्या टोकाने झटकली आणि येस्लेमला हाताला धरून बसवलं. व्यापारी कुरकुरले नाहीत. व्यापाऱ्याने फुकट सोडलेली जागा येस्लेमने आयुष्यात पाहिली नव्हती.

"दादा, सामान एवढंच?" ह्मेय्यदने पिशवीकडे बघत विचारलं.

"चार दिवसांना काय लागतंय? आणि परतीलाही पुढची जागा माझी, बरं का."

ह्मेय्यदने गाडी सुरू केली. गिअर टाकत म्हणाला, "परतीचं मग बघू."

चौकीवरचा हवालदार एरवी प्रत्येकाला खाली उतरवून आईचं नाव विचारायचा. आज त्याने येस्लेमचा कागद पाहिला, उठून उभा राहिला आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मागे पोत्यांवर चाललेली कुजबुज येस्लेमने मान वळवली की थांबायची आणि तो पुढे बघायला लागला की पुन्हा सुरू व्हायची.

खिंडीखाली सल्कामावशीचा तंबू. तिने उंटिणीच्या दुधाचा पहिला वाडगा ड्रायव्हरला सोडून येस्लेमपुढे ठेवला. बाबा कसे आहेत, त्याने विचारलं. काही वाईट नाही. तू पाहिलंस त्यांना? यंदा वाळू फार झाली बघ, ती म्हणाली. मग त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पोटभर पिऊन घे रे. तिकडे काय मिळेल, काय नाही." मयताच्या घरी चूल पेटत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याने वाडगा तसाच ड्रायव्हरकडे सरकवला.

दुपारी वारा उठला. सूर्य तांब्याच्या ताटासारखा झाला आणि वाट दिसेनाशी झाली. ह्मेय्यद उतरून गाडीपुढे चालत होता, पायाने जमीन चाचपत होता, परत येऊन चार हात गाडी पुढे नेत होता. काचा बंद असूनही दातांत वाळू करकरत होती. वादानला आता माणूस पोचतो की बातमी, एवढाच प्रश्न होता, आणि बातमी तर आधीच पोचलेली दिसत होती.

वारा पडला तेव्हा कड्यावरची दगडी घरं दिसली, त्यातली निम्मी बसलेली. कड्याच्या पायथ्याशी मुख्याध्यापक मुलूद उभे होते. आंघोळ केलेली, अंगावर परीटघडीचा निळा झगा, शेजारी पत्र्याची ट्रंक. गावात मयताची नमाज तेच पढवायचे. त्यांनी येस्लेमला मिठी मारली आणि ती सोडेनात. त्यांचे खांदे हलत होते. "अल्ला तुमचं भलं करो," एवढंच ते म्हणाले.

घरापर्यंतची चढण येस्लेम कसा चढला, त्याचं त्याला कळलं नाही. दार उघडं होतं. उंबऱ्यावर लिमाम बसला होता, मांडीवर फावडं आडवं धरून.

येस्लेम तिथेच मटकन बसला. बापाने त्याच्याकडे नीट पाहिलं, काही वाईट नाही ना विचारलं, काही वाईट नाही ऐकलं आणि किटली विस्तवावर ठेवली. पहिला पेला कडू. दुसरा बरा. तिसऱ्याला साखर जास्त. तेवढ्या वेळात येस्लेमने मनातल्या मनात सगळं गोत पुरून पाहिलं.

"बाबा," तिसरा पेला खाली ठेवत तो म्हणाला, "कोण गेलं?"

"कोण जाणार? पूर्वेच्या भिंतीवर वाळू चढलीय. माझ्याच्याने उपसत नाही, म्हणून बोलावलं तुला. घाई होती." म्हाताऱ्याने फावडं त्याच्या हातात दिलं. "आता नाही. सावकाश काढ."

"सावकाश कशाला? मंगळवारी मला कामावर हजर व्हायचंय."

"ते तर व्हायचंच आहे. शाळा सकाळी सातला भरते." लिमामने पेले धुवायला घेतले. "काल रात्री रेडिओवर बदल्यांची यादी वाचली, पोरा. आपल्या गावचं नाव शेवटी आलं, आणि त्यापुढे तुझं."

येस्लेम फावडं टाकून कड्याच्या टोकापर्यंत धावला. खाली पिकअप उभी होती. ती सकाळी परत जाणार होती, आणि पुढच्या जागेवर पत्र्याची ट्रंक आतापासूनच ठेवलेली होती.