नोराबाईंचा एकशे पस्तीस अंशांचा गुडघा

नोरा गेराटी यांचा नवा गुडघा सव्वीस दिवसांचा होता आणि तो एकशे पस्तीस अंशांत वाकत होता. सुचित्राने आकडा दोनदा पाहिला, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा.

ल्यूकन या आयरिश गावातल्या एका छोट्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये ती नोंदी आणि बिलं सांभाळायची. गुडघा बदललेल्या रुग्णांना क्लिनिक एक निळा पट्टा द्यायचं. तो बांधून घरी व्यायाम केला की गुडघा किती वाकला, किती वेळा वाकला, सगळं सुचित्राच्या स्क्रीनवर उमटायचं. विमा कंपनी या देखरेखीचे पैसे द्यायची, पण दोन अटींवर. महिन्यात निदान सोळा दिवसांची नोंद हवी आणि रुग्णाशी फोनवर निदान वीस मिनिटं उपचाराबद्दल बोलणं झालेलं हवं.

'उपचाराबद्दल' या शब्दापाशी नोराची गाडी अडायची. चौऱ्याहत्तर वर्षांची ही बाई फोनवर पाऊण पाऊण तास बोलायची. मावसभावाची अंत्ययात्रा, कचऱ्याच्या डब्यांवरून शेजाऱ्याशी झालेलं भांडण, बहिणीचा कुत्रा. सुचित्रा स्टॉपवॉच घेऊन बसायची. गुडघा आला की चालू, कुत्रा आला की बंद. मागच्या फोनच्या बेचाळीस मिनिटांतून तिच्या हाती तीन मिनिटं दहा सेकंद लागले होते.

पट्ट्याच्या नोंदी मात्र दृष्ट लागण्यासारख्या होत्या. सलग अठरा दिवस, रोज सकाळी अकरा वाजता, एकही खाडा नाही.

"आदर्श पेशंट!" क्लिनिकचा मालक आणि फिजिओथेरपिस्ट विक्रांत खूश होता. "सुचित्राताई, बोलण्याची मिनिटं तेवढी भरा आणि बिल पाठवून द्या."

"विक्रांत, तुझा गुडघा किती वाकतो रे?"

"का?"

"बस बघू उकिडवा."

विक्रांत तिथेच फायलींच्या कपाटापाशी उकिडवा बसला. दोन्ही गुडघे कटकट वाजले. सुचित्राने कोनमापक लावला. एकशे सव्वीस.

"नोराचा तुझ्यापेक्षा नऊ अंश जास्त वाकतो," ती म्हणाली. "आणि एकदा वाकला की वीस-वीस मिनिटं तसाच राहतो."

विक्रांत टेबलाचा आधार घेत उठला. त्याचा चेहरा आता खूश नव्हता.

सुचित्राने फोन लावला. "नोरा, गुडघा कसा आहे?"

"ग्रँड, एकदम मस्त."

"आणि व्यायाम?"

"रोज होतो, रोज!" आणि मग बहिणीचा कुत्रा. 'मी करते' असं ती म्हणालीच नव्हती, हे फोन ठेवल्यावर सुचित्राच्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती सरळ नोराच्या घरी गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात नोरा पाय लांब पसरून खुर्चीत बसली होती, हातात चहाचा कप. आणि खाली फरशीवर, वर्तमानपत्र अंथरून, एक मराठी बाई उकिडव्या बसून मटार सोलत होत्या. साडीवर स्वेटर, पायांत लोकरीचे मोजे आणि उजव्या गुडघ्यावर, साडीवरूनच, क्लिनिकचा निळा पट्टा.

"या की," बाई म्हणाल्या. "मी सुमित्रा. शेजारच्या सलीलची आई. सांगलीची."

"मावशी, हा पट्टा तुमच्या पायात कसा?"

"अवं, हिचा वाजत हुता. गुडघा वाकवला की हिला कळा यायच्या, न्हाई वाकवला की ह्यो बोंबलायचा. दोन्हीकडनं छळ! म्हटलं, आण इकडं. मी तशीबी खालीच बसतीया."

नोराला एक अक्षर कळलं नसलं तरी विषय कळला होता. तिचे कान लाल झाले.

"तिला छान जमतं ते," ती पुटपुटली.

सुचित्रा तिच्याजवळ बसली. "आणि तुला?"

नोराने कप खाली ठेवला. पहिल्या आठवड्यात वाकवताना आत काहीतरी फाटल्यासारखं वाटलं होतं, तिने सांगितलं. तेव्हापासून तिने गुडघा वाकवलाच नव्हता. टाके उसवून आतलं सगळं बाहेर येईल असं वाटायचं.

"फोनवर का नाही बोललीस?"

"तुझ्या फोनची मी वाट बघत असते. त्यात रडगाणं कशाला? म्हणून गुडघा सोडून बाकी सगळं सांगते."

दुपारी विक्रांतने येऊन तपासलं. फाटलं काही नव्हतं, सांधा आखडला होता. खरा कोन निघाला अठ्ठावन्न. "अजून दोन-तीन आठवडे असेच गेले असते तर भूल देऊन वाकवायची वेळ आली असती," तो बाहेर येऊन म्हणाला. "बरं, त्या अठरा दिवसांचं काय?"

"अठरा कुठले? शून्य."

सुचित्राने नोंद लिहिली: 'पट्ट्यावर दिसणारी हालचाल रुग्णाची नसून शेजारीण सुमित्राबाई यांची आहे. या महिन्याचं बिल पाठवत नाही.' विक्रांतने ती वाचली, डोकं खाजवलं आणि खाली सही केली.

मग खरं काम सुरू झालं. पट्टा नोराच्या पायावर आणि समोर खुर्ची ओढून बसलेल्या सुमित्राबाई. त्या आपला पाय वाकवायच्या, की नोराने आपला वाकवायचा. सुमित्राबाई इंग्रजीतलं 'बेंड' शिकल्या आणि नोरा मराठीतलं 'बास' शिकली. एकीचं बेंड, दुसरीचं बास, असा आवाज शेजारच्या घरापर्यंत जायचा. स्क्रीनवर आकडे उमटत गेले. त्रेसष्ट, एकाहत्तर, मध्येच रुसल्यासारखा पुन्हा सत्तर, मग चौऱ्याऐंशी. पुढच्या फोनवर नोराने गुडघ्याबद्दल सलग बावीस मिनिटं तक्रार केली. कुठे, कधी, कसं दुखतं, सगळं अगदी तपशीलवार. सुचित्रा इतक्या आनंदाने टिपून घेत होती की शेवटी नोराच म्हणाली, "तुला बरं वाटतंय का गं माझं दुखणं ऐकून?"

नव्या महिन्याचं बिल गेलं आणि चार दिवसांनी विमा कंपनीतल्या एका गृहस्थांचा फोन आला. एकोणीस दिवसांच्या नोंदी ठीक होत्या, मिनिटंही ठीक होती. एकच शंका होती. 'व्यायाम सुमित्राबाईंसोबत' असं जागोजागी लिहिलंय, हे उपकरण कोणत्या कंपनीचं? त्यांच्या यादीत सापडत नव्हतं.

सुचित्राने तोंडावर हात दाबून धरला आणि मग त्यांना सगळं सांगितलं. गृहस्थ बराच वेळ हसत राहिले. बिल मंजूर झालं.

सुमित्राबाई सांगलीला परत निघाल्या त्या सकाळी नोरा काठी न घेता फाटकापाशी आली. सलीलची बायको सासूच्या पाया पडली. नोराने ते नीट पाहून घेतलं, फाटकाला धरलं आणि गुडघा मुडपत हळूहळू तीही खाली गेली.

"अगं अगं, ऊठ!" सुमित्राबाईंनी तिला दोन्ही दंडांना धरलं. "मी तुझ्यापरास पाच वर्सांनी ल्हान हाय!"